भिंतीवरच्या बाया, खुर्चीतल्या बाया

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात शिरले की आधी दिसते ती भिंत. टेबल नंतर, दप्तराचे कपाट त्याहून नंतर. भिंतीवर ओळीने तसबिरी: शिवाजी महाराज, जोतीराव फुले, शाहू महाराज, बाबासाहेब, गांधीजी. त्या ओळीत आता दोन-तीन बायाही असतात. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई. त्या तिथे आपोआप आलेल्या नाहीत. कुणीतरी मागणी केली, कुणी वर्गणी काढून फ्रेम आणली, कुणी ग्रामसभेत भांडण केले, तेव्हा खिळा ठोकला गेला. तेव्हा भिंतीवर बाया आल्या याचा आम्हाला आनंदच आहे. आमचे भांडण वेगळे आहे. त्या बाया तिथे काय करताना दाखवल्या आहेत, हे नीट बघू या.

पुरुष काय करतात? एक घोड्यावर आहे. एकाच्या हातात तलवार आहे. एकाच्या हातात ग्रंथ आहे आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे रोखलेले आहे. एक चालतो आहे, हातात काठी. म्हणजे राज्य करणे, लढणे, कायदा लिहिणे, लोकांना वाट दाखवणे.

आणि बाया? जिजाऊंच्या जवळ बाळ शिवबा. अहिल्याबाईंच्या डोक्यावर पांढरा पदर, हातात महादेवाची पिंड, नजर खाली. झाशीची राणी घोड्यावर आहे खरी, तलवारही आहे, पण पाठीला मूल बांधलेले आहे. सावित्रीबाई पुष्कळदा जोतीरावांच्या शेजारी. म्हणजे आई, विधवा, आई, पत्नी. राज्य चालवणारी बाई भिंतीवर यायची तर तिने आधी आपण कुणाची कोण आहोत याचा दाखला आणायचा!

कुणी म्हणेल, चित्र म्हणजे चित्र, एवढे काय त्यात. मराठवाड्याला तरी हे सांगू नये. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. राज्य बदलले की भिंतीही बदलतात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे. भिंत सांगते की इथे हुकूम कुणाचा चालतो. त्या भिंतीखाली आज आपली बाई सरपंच म्हणून बसते. तिच्या डोक्यावरची भिंत तिला काय सांगते, हा प्रश्न म्हणून लहान नाही.

चित्रे आली कुठून?

ही चित्रे काही त्या बायांना समोर बसवून काढलेली नाहीत. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. पेशवे, नाना फडणवीस, देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर जाऊ लागली. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती साडी नेसून भिंतीवर आल्या. पुढे कॅलेंडरवाल्यांनी तोच साचा उचलला. गोरा रंग, नाजूक अंग, झुकलेली पापणी. देवी त्याच साच्यातली, राणीही त्याच साच्यातली. फरक एवढाच की देवीला चार हात, राणीला दोन. त्या दोन हातांत काय द्यायचे हे ठरवणारे चित्रकार, छापखानेवाले आणि गिऱ्हाईक बहुतेक सारे पुरुषच होते.

आता पुरुषांच्या चित्रांबाबत समाज किती जागरूक असतो ते पाहा. एके काळी इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना ते पटेना. त्यांनी डच कागदपत्रांत शोध घेतला आणि १९३३ साली महाराजांचे खरे चित्र पुराव्यासह लोकांपुढे ठेवले. जुने चित्र मागे पडले. केवढे मोलाचे काम हे! आम्ही त्याचा आदरच करतो. पण मग विचारतो, अहिल्याबाईंच्या चित्राबाबत असा आग्रह कुणी धरला?

पुरावा नाही म्हणावे तर तो आहे. जॉन माल्कमने १८२३ साली माळव्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने अहिल्याबाईंना पाहिले नव्हते, पण पाहिलेल्या लोकांकडून ऐकून लिहिले. तो सांगतो, त्या मध्यम उंचीच्या, अगदी सडपातळ आणि वर्णाने सावळ्या होत्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी आपली दासी त्यांना बघायला पाठवली होती, तिने परत येऊन सांगितले की रूप काही नाही पण चेहऱ्यावर तेज आहे. अशी ही बाई कॅलेंडरवर गोरीपान कशी झाली? सावळी बाई थोर असू शकत नाही, असे छापखान्याला वाटले का? आपल्या उन्हात राबणाऱ्या बायांचा रंग तिच्याही अंगावर होता, एवढे एक जरी चित्राने खरे सांगितले असते तरी चार पोरींचे मन खट्टू व्हायचे वाचले असते.

पिंड दिसते, दरबार दिसत नाही

रंगाचे सोडा. कामाचे काय? तोच माल्कम अहिल्याबाईंचा दिनक्रम देतो. पहाटे उठून पूजा, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनला त्या दरबारात येत आणि बहुधा सहापर्यंत बसत. मग पूजा आणि साधे जेवण. रात्री नऊला पुन्हा काम सुरू, ते अकरापर्यंत. दरबार उघडा, पडद्याआड नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, दिवसाला सहा तास राज्याचे कामकाज! सारा किती घ्यायचा, तंटा कसा मिटवायचा, वकील कुणाकडे धाडायचा. चित्राने काय उचलले? पूजेचे तास. दरबाराचे तास गेले कुठे?

त्याच्याही आधीचे ऐका. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव मारला गेला. सासरे मल्हारराव हयात होते. १७६५ साली त्यांनी या सुनेला पत्र लिहिले, त्यात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, मोठ्या तोफा जवळ ठेव, त्यांच्या दारूगोळ्याची तजवीज कर, असा मजकूर आहे. तोफखान्याची व्यवस्था बघणारी ही सून! तोफेशेजारी उभी असलेली अहिल्याबाई आपण कधी भिंतीवर पाहिली आहे का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खराही आहे. अहिल्याबाई शिवभक्त होत्या. हुकूमनाम्यांवर त्या स्वतःचे नव्हे, शंकराचे नाव घालत. परळी वैजनाथच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, आपल्या जिल्ह्याला हे माहीत आहे. मग हातात पिंड दाखवली तर बिघडले काय? आमचे म्हणणे असे की पिंड असू द्या, पण तिचा अर्थ लावा. ज्या काळात विधवेच्या नावाने राज्य चालू देणे गंगोबातात्यांसारख्या कारभाऱ्यांना रुचत नव्हते, राघोबादादा फौज घेऊन चालून येत होते, त्या काळात या बाईने राज्य शंकराचे म्हणून जाहीर केले. म्हणजे ते नवऱ्याचे नाही, दत्तकाचे नाही, कारभाऱ्याचे तर नाहीच. आम्हाला यात भक्तीइतकेच राजकारण दिसते. छापील चित्राने त्यातले राजकारण खरवडून काढले आणि भक्ती तेवढी ठेवली.

जिजाऊंचेही तेच. महाराज १६६६ साली आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली होता. पुण्याच्या जहागिरीत त्यांनी तंट्यांचे निवाडे केले. पण भिंतीवर त्या फक्त मुलाला गोष्टी सांगतात. गोष्टी सांगणे हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. पण निवाडा देणाऱ्या बाईला नुसती गोष्ट सांगणारी करून टाकली की तिची पूजा करणे सोपे जाते, कारण मग तिच्या शब्दापुढे कुणाला वाकावे लागत नाही.

आणि या पूजेचे आपल्या जिल्ह्यात फळ काय? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. १२ जानेवारीला जिजाऊंच्या तसबिरीला हार घालणारा हाच जिल्हा. जिजाऊ थोर का, तर त्यांनी शिवबा घडवला, एवढेच जर आपण पोरांना शिकवले तर ऐकणाऱ्याने काय समजायचे? बाईचे मोल तिच्या पोटच्या मुलग्यावरून. सोनोग्राफीच्या खोलीत हाच हिशेब होतो. मुली तसबिरीमुळे मेल्या असा आमचा दावा नाही. पण तसबीर ज्या विचाराची आहे, त्याच विचाराने त्या मेल्या.

ज्या भिंतीवर आल्याच नाहीत

साच्यात न बसणाऱ्या बायांचे काय झाले? चांदबीबी घ्या. बीड ज्या निजामशाहीच्या मुलखात होते तिची ही लेक. विजापूरला अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहिलेली. १५९५-९६ साली अहमदनगरच्या किल्ल्याला शहाजादा मुरादचा वेढा पडला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा त्या स्वतः तिथे उभ्या राहिल्या आणि रातोरात तट बांधून काढला. पुढे १६०० साली त्यांच्याच लोकांनी त्यांना ठार मारले. अठराव्या शतकातल्या दख्खनी चित्रकारांनी त्यांना घोड्यावर, मनगटावर ससाणा घेतलेल्या, शिकारीला निघालेल्या अशा रंगवले आहे. अशी ऐटदार चित्रे हाताशी असताना आपल्या भिंतीवर ती का येत नाहीत? त्यांची ओळख द्यायला मुलगा नाही, नवरा पुढे करता येत नाही, आणि त्या मुसलमान होत्या. नगरजवळच्या डोंगरावरची इमारत लोक चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतात, पण ती आहे सलाबतखानाची कबर. आठवण उरली तीही पुरुषाच्या थडग्यावर!

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी त्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, आपल्या शिवेला लागून. आता एकीचे नाव आले म्हणून दुसरीला पुसायचे, असे होऊ नये. एकाच मुलखात दोन राज्यकर्त्या बाया होऊन गेल्या, हे आपल्या पोरींनी अभिमानाने सांगावे. दोघींना धर्माच्या नावाने एकमेकींसमोर उभे करणाऱ्यांना आपण साफ सांगू या की बायांचा इतिहास आम्ही असा वाटून देणार नाही.

ताराबाईंचेही पाहा. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यानंतर औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मराठ्यांचा लढा त्यांनी चालवला. चित्रकार धुरंधरांनी त्यांचे लढाऊ चित्र काढलेही आहे. पण कचेरीत ते किती ठिकाणी दिसते? इतिहास सांगताना त्यांना महत्त्वाकांक्षी म्हणतात, भांडखोर म्हणतात. पुरुषाच्या बाबतीत तो गुण असतो. बाईने हक्क सोडला नाही की तसबिरीची जागा जाते.

आणि आपल्या काळाच्या जवळच्या? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके मराठवाडा मुक्तिसंग्रामात हत्यार घेऊन रझाकारांविरुद्ध लढल्या. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत, म्हणून त्यांची तसबीर आपल्याकडे मानाने लागते. लागलीच पाहिजे. तिच्या शेजारी दगडाबाईंची का नको? आंबेडकरी चळवळीतल्या बायांची आठवण तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी घरोघर जाऊन, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते करून गोळा केली. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचे पुस्तक १९८९ साली आले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या बायांची नावेही आपल्याला कळली नसती, चेहरे तर दूरच.

खुर्चीतल्या बाईला याचे काय?

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, इथे पोटाचे प्रश्न पडलेत आणि तुम्ही तसबिरींवर काय बसलात? म्हणून पोटाच्याच प्रश्नाकडे येऊ.

ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, मुकादमाशी बोली करतो नवरा, खाडा धरला जातो दोघांच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी करते, मग तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते, आणि कागदावर ती अर्धा कोयता! २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ज्या बाईचे काम दिसत नाही, तिचे अंगही कुणाला दिसत नाही. अहिल्याबाईंचे सहा तास चित्रातून गेले आणि ऊसतोड बाईचे चौदा तास हिशेबातून गेले, ही एकाच नजरेची दोन कामे आहेत.

हीच नजर सरपंच बाईवर पडते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांना राखीव झाल्या. खुर्ची मिळाली. पण कामकाज बघायला ‘सरपंचपती’ हजर! आमच्या शिबिरांत बाया सांगतात, सही आमची, बोलणे त्यांचे. त्या बाईने मान वर करून भिंतीकडे पाहिले तर तिला काय दिसते? कागद वाचणारी, हुकूम देणारी, हिशेब मागणारी एकही बाई नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, हातात देव नाहीतर मूल. भिंत तिला म्हणते, बस, पण अशी बस.

मोठ्या खुर्च्यांचेही तसेच. बीडने १९८०, १९८४ आणि १९९१ साली केशरबाई क्षीरसागरांना, १९९६ साली रजनी पाटलांना, २०१४ ची पोटनिवडणूक आणि २०१९ साली प्रीतम मुंडेंना लोकसभेत पाठवले. बायांना इतक्या वेळा निवडून देणारे मतदारसंघ थोडे असतील. म्हणजे इथले लोक बाईला मत देत नाहीत असे कुणी म्हणू नये. पण एकूणच निवडणुकीचे फलक आठवा, कुठल्याही पक्षाचे. उमेदवार बाई असली की तिच्या डोक्यावर वडिलांचा, सासऱ्याचा, नवऱ्याचा फोटो. पुरुष उमेदवाराच्या डोक्यावर आईचा फोटो कितीदा असतो? तिथेही दाखला मागितला जातोच.

शासन दरवर्षी जयंत्यांचे परिपत्रक काढते, त्याच्या मथळ्यात शब्द आहेत ‘राष्ट्रपुरुष व थोर व्यक्ती’. सावित्रीबाईंना यांतल्या कुठल्या रकान्यात घालायचे? राष्ट्राला पुरुष आहेत, बाई फार तर व्यक्ती!

मग काय करायचे?

एक धोका आधीच सांगून ठेवतो. बाईच्या हातात तलवार दिली म्हणजे झाले, असे समजू नका. तलवारीची चित्रे मिरवणुकीत मिरवणारे बायांना घरी कसे वागवतात हे आपण जाणतो. आणि मारणे हेच राज्य करणे असेल तर ते राज्य आपल्याला नको. आपल्याला हवी आहे काम करणारी, निर्णय घेणारी, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारी बाई. तिच्या हातात लेखणी असेल, शिक्का असेल, फुटलेल्या तटावर ठेवायचा दगड असेल, नाहीतर कोयता असेल.

तेव्हा बायांनो, येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एवढे करावे. आपल्या ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी कार्यालयात, पंचायत समितीत जाऊन तसबिरी मोजाव्यात. बाया किती, पुरुष किती. कुणाच्या हातात काय. कुणाची नजर कुठे. गटाच्या बैठकीत तो कागद वाचावा आणि त्यावर बोलावे. नुसते एवढे मोजले तरी बैठकीत किती बोलणे निघते ते पाहा.

दुसरे, ग्रामसभेत ठराव मांडावा. जुनी तसबीर काढा अशी मागणी करू नका, त्याने भांडण भलतीकडेच जाईल. तिच्या खाली एक पाटी लावा म्हणावे. अहिल्याबाईंच्या खाली लिहा, दरबार दुपारी दोन ते सहा, रात्री नऊ ते अकरा, अठ्ठावीस वर्षे. जिजाऊंच्या खाली लिहा, यांनी निवाडे केले, १६६६ साली राज्य सांभाळले. पाटीला खर्च शे-दोनशे रुपयांचा. विरोध झालाच तर कशाला विरोध होतो ते सगळ्यांसमोर येईल.

तिसरे, एक जागा रिकामी मागावी. चांदबीबी, ताराबाई, दगडाबाई यांतली जी गावाला हवी ती तिथे यावी. आणि गावात दारूबंदीसाठी, रेशनसाठी, पाण्यासाठी, नामांतरासाठी लढलेली एखादी म्हातारी असेल तर तिचा फोटो आताच काढून ठेवा, तिच्या शब्दांत तिची हकीकत लिहून घ्या. उद्या तिच्या चेहऱ्याचा शोध घ्यायला कुणी बेंद्रे येणार नाहीत.

आणि शेवटचे, सरपंच मैत्रिणींसाठी. पुढच्या बैठकीला खुर्चीत बसाल तेव्हा पदर कुठे आहे याची चिंता सोडा. दप्तर पुढे ओढा, चष्मा लावा, खर्चाचा कागद मोठ्याने वाचा, आणि तुमच्या वतीने बोलायला उठलेल्या पुरुषाला खाली बसायला सांगा. मग गटातल्या एखादीला तेवढ्यात तुमचा फोटो काढायला सांगा. भिंतीवर लावायला तोच पाहिजे.